८ एचपी आउटबोर्ड: पाण्याची धार बारीक, गिअर ऑइल दुधाळ. सुरुवात कुठून करू?

मार्वे_होडी
नमस्कार मंडळी. फायबरच्या छोट्या होडीवर सेकंडहँड टू-स्ट्रोक ८ एचपी आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं मशीन) आहे. पावसाळाभर शेडमध्ये उभं होतं, नारळी पौर्णिमेनंतर मनोरीच्या खाडीत उतरवायचंय. ड्रममध्ये सुरू होतं, पण इंजिन थंड करून मागून पडणारी पाण्याची धार अगदी बारीक आहे. खालचा गिअर ऑइलचा स्क्रू सैल केला तर दुधाच्या चहाच्या रंगाचं ऑइल आलं. टाकीत मे महिन्यातलं पेट्रोल तसंच आहे. पाने-स्पॅनर हाताळता येतात, आउटबोर्ड कधी उघडलेलं नाही. घरी काय जमेल?

खाडीकाठ
दादा, सगळंच जमेल, फक्त सील (शाफ्टभोवती पाणी अडवणारी रबरी कडी) सोडून. ड्रममधलं पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर असू द्या, नाहीतर पंप हवा ओढतो आणि धार बारीकच दिसते. तेवढं करूनही फरक नसेल, तर मशीन बंद करून धारेच्या भोकात पातळ तार घाला. मीठ साचलेलं असतं, कधी कुंभारमाशीचं घरही निघतं.

तरीही तेच, तर इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक. आपल्या खाड्यांचा गाळ त्याच्या पात्या घासून काढतो, आणि उभ्या मशीनमध्ये त्या एकाच बाजूला वाकून तशाच राहतात. आधी प्लगची कॅप काढा. गिअरच्या दांड्याचा जोड सोडवा, मग खालच्या पायाचे (पंखा आणि गिअर असलेल्या भागाचे) बोल्ट. खाऱ्या पाण्यात ते धरलेले असतात. गंजावरचं तेल मारून रात्रभर ठेवा, जोर लावून डोकं तोडू नका. इम्पेलरची पाती तुटलेली दिसली तर तुकडे मोजून शोधा. एखादा वर पाण्याच्या वाटेत अडकला, तर नवीन इम्पेलर घालूनही मशीन तापणार. नवीन बसवताना अर्धचंद्राची चावी (इम्पेलर शाफ्टला अडकवणारा छोटा तुकडा) जागेवर हवी, पात्यांना साबणपाणी लावा आणि शाफ्ट वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवत पंपाचं हाउसिंग (कवच) खाली दाबा. शाफ्टच्या खाचांना मरीन ग्रीस कडेने लावा. टोकावर थापलं तर पाय पूर्ण वर बसत नाही.

पंखा_आणि_पिन
दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी. नुसतं ऑइल बदलून पुन्हा दुधाळच होणार, गळतीचं मूळ तसंच राहतं. कॉटर पिन काढून पंखा उतरवा. त्यामागे जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलेला सापडण्याची शक्यता फार. तोच सील कापतो. सील बदलायचं काम मिस्त्रीकडे द्या, शाफ्टवर ओरखडा पडला तर खर्च वाढतो. गिअर ऑइलच्या स्क्रूचे वॉशर तुम्हीच बदला, कधीकधी गळती तिथूनच असते.

ऑइल भरताना खालच्या भोकातून दाबत न्या, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय बाहेर येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावा, मगच खालची नळी काढून खालचा स्क्रू लावा. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि भरलं असं वाटून ऑइल कमी राहतं.

मे महिन्याचं पेट्रोल फेकायला काढा. पंपावरचं पेट्रोल आता इथेनॉल मिसळलेलं असतं. ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि प्रमाण वाढलं की पाणी तळाशी वेगळं होतं. कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू उघडून तेही रिकामं करा.

मार्वे_होडी
धन्यवाद. पेट्रोलमध्ये ऑइलचं मिक्स किती ठेवू? स्कूटरचं २टी (टू-स्ट्रोक) ऑइल घरात आहे.

खाडीकाठ
मॅन्युअलमध्ये ५०:१ असेल तर १० लिटरला २०० मिली. स्कूटरचं ऑइल नको. ते हवेने थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी असतं. आपलं मशीन पाण्याने थंड राहतं, त्यात त्याची राख प्लगवर आणि पिस्टनवर साचते. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकचा दर्जा) लिहिलेलं बघून घ्या. मशीन गंजू नये म्हणून लावलेल्या झिंकच्या तुकड्याला मात्र रंग लावू नका, रंगवलेलं झिंक काहीच कामाचं नाही.

पंखा_आणि_पिन
आणि नवीन इम्पेलर घातल्यावर आवाज ऐकायला म्हणून कोरडं सुरू करू नका. काही सेकंदांत रबर जळतं. ड्रम भरा, मगच दोरी ओढा.