विषय: ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा, स्पॉन्सर मात्र दुबईत

प्रेषक: निखिल
नमस्कार मंडळी. माझा पासपोर्ट ब्रिटिश, नोकरी दुबईत. जोडीदार फिलिपिनो, तीही इथेच नोकरीला. लग्न झालेलं नाही. दोन आठवडे आई-बाबांकडे लेस्टरला जायचंय. मी ब्रिटनमध्ये राहत नसताना स्पॉन्सर होऊ शकतो का? फॉर्म कुठला भरायचा?

प्रेषक: स्मिता
निखिल, स्पॉन्सरचा वेगळा फॉर्म नसतोच. अर्ज तिचा, स्टँडर्ड व्हिजिटरचा, ऑनलाइन. तुझं फक्त पत्र आणि त्याला जोडलेले कागद. खर्च दुसऱ्याने केला तरी चालतो (ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांतलं व्हिजिटरसाठीचं परिशिष्ट, अपेंडिक्स व्ही, कलम 4.3). नातं खरं हवं, खर्च करणाऱ्याने ब्रिटनचे इमिग्रेशन नियम मोडलेले नसावेत आणि त्याची ऐपत व तयारी हवी. तो ब्रिटनमध्येच राहणारा हवा, असं त्यात कुठेही नाही.

उलट तू दुबईत आहेस ही जमेची बाजू. पैसे दाखवूनही बरेच अर्ज कलम 4.2 वर अडकतात: ही परत जाईल कशावरून? तुमचं दोघांचं घर आणि पगार इथे आहे, तेच कागदांतून दिसू दे. तुझा पासपोर्ट, रेसिडेन्स व्हिसा, रजा मंजुरीचं पत्र. तिचं एमिरेट्स आयडी (इथलं ओळखपत्र) आणि कंपनीची एनओसी. एनओसीत पद, पगार, रुजू झाल्याची तारीख, रजेच्या तारखा आणि पुन्हा कामावर येण्याची तारीख हवी. एचआरवाले दोन ओळींचं छापील पत्र हातात ठेवतात, त्यात रजेचा उल्लेखच नसतो. ते बदलून घ्या. तिचा रेसिडेन्स व्हिसा संपत आला असेल तर आधी नूतनीकरण, मग अर्ज.

नातं दाखवायला इजारीवर (दुबईतल्या भाडेकराराची सरकारी नोंद) सह-रहिवासी म्हणून तिचं नाव असेल तर उत्तम. फोटोंचा गठ्ठा नको, तारखा घातलेले पाच-सहा पुरेत.

खरी गोची बँक स्टेटमेंटमध्ये होते. दोघांचंही सहा महिन्यांचं लावा. अर्जाच्या आठवडाभर आधी तू तिच्या खात्यात वीस हजार दिरहम टाकलेस, तर ते पैसे कुठून आले हाच प्रश्न उभा राहतो आणि नकाराला आयतं कारण मिळतं. तुझे पैसे तुझ्याच खात्यात राहू देत. फॉर्ममध्ये पगार 6,000 लिहिला आणि खात्यात दरमहा 5,400 येत असतील, तर कपात कसली ते एका ओळीत लिहून टाका. ती घरी मनिलाला पैसे पाठवत असेल तर तेही मासिक खर्चात धरा. हे हमखास राहून जातं.

प्रेषक: रवीकाका
स्मिताने बहुतेक सगळं सांगितलंच आहे, थोडी भर घालतो. राहण्याच्या सोयीसाठी आई-बाबांचं वेगळं पत्र घे, सोबत कौन्सिल टॅक्सचं (तिकडची घरपट्टी) बिल आणि पासपोर्टच्या प्रती. घर भाड्याचं असेल तर मालकाची संमतीही.

तिकडे लग्न करायचा बेत असेल तर हा व्हिसा चालत नाही, मॅरेज व्हिजिटर घ्यावा लागतो. कुठल्याही देशाने तिला पूर्वी व्हिसा नाकारला असेल तर फॉर्ममध्ये लिहायलाच हवं. नकार आडवा येत नाही, लपवाछपवी येते. त्यात 10 वर्षांची बंदी बसू शकते.

प्रवासाच्या 3 महिन्यांपेक्षा आधी अर्ज करता येत नाही. बोटांचे ठसे दिल्यानंतर निर्णयाला साधारण 3 आठवडे लागतात, गर्दीत जास्त. तोवर तिकिटं काढू नका. सहा महिन्यांच्या व्हिसाची फी एप्रिल 2025 मध्ये 127 पौंड झाली; भरताना सरकारी साइटवर पुन्हा पाहा. कागद अपॉइंटमेंटच्या आधीच व्हीएफएसच्या (व्हिसा अर्ज केंद्र चालवणारी कंपनी) साइटवर चढवा, केंद्रात स्कॅन करून घ्यायचे वेगळे पैसे पडतात. नुसत्या अरबीतल्या कागदाला प्रमाणित भाषांतर जोडा, त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा. नकार आला तर या व्हिसाला एरवी अपील नाही. नवा अर्ज, नवी फी, आणि नकारपत्रातल्या प्रत्येक मुद्द्याला कागदानिशी उत्तर.

प्रेषक: निखिल
स्मिताताई, रवीकाका, आभार. सगळा खर्च मीच करणार, तर तिचं स्टेटमेंट वगळलं तर चालेल?

प्रेषक: स्मिता
मुळीच वगळू नकोस. तिचा पगार दरमहा जमा होतो हे तिथेच दिसतं, आणि तिने परत यायचं कारणही तोच पगार. जमलं तर विमानाचं तिकीट तिने काढावं, राहणं आई-बाबांकडे, वरचा खर्च तुझा. ही वाटणी फॉर्ममध्ये आणि तुझ्या व आई-बाबांच्या पत्रांत एकाच आकड्यांनी लिहा. तुझ्या पत्रात 800 पौंड आणि फॉर्ममध्ये 1,200 असं होऊ देऊ नकोस.