मदत हवी आहे: ‘युटिलिटी प्लेयर’ला मराठीत काय म्हणू?

मंडळी, इथे न्यू जर्सीत आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी बेसबॉलपटू जोएल यंगब्लडवर लिहितोय, आणि ‘युटिलिटी प्लेयर’ (मैदानात वेगवेगळ्या जागांवर खेळू शकणारा) या शब्दापाशी गाडी अडली आहे.

४ ऑगस्ट १९८२. दुपारी शिकागोत हा गडी न्यूयॉर्क मेट्स संघाकडून खेळला, पिचर (चेंडू टाकणारा) फर्गसन जेंकिन्सला हिट मारली. सामना चालू असतानाच निरोप आला, तुला मॉन्ट्रियल एक्स्पोज या दुसऱ्या संघाला दिलंय. ग्लव्ह मैदानातच विसरला, तो घ्यायला परत गेला (मला हाच तपशील सगळ्यात आवडतो). मग विमानाने फिलाडेल्फिया, आणि रात्री तिथला पिचर स्टीव्ह कार्लटनला हिट! एका दिवसात दोन शहरांत, दोन संघांकडून.

१९७६ ते १९८९ मध्ये पाच संघ. आउटफिल्ड, सेकंड बेस, थर्ड बेस, सांगाल तिथे उभा.

‘अष्टपैलू’ म्हटलं की आपल्याला कपिल देव आठवतो, म्हणजे बॅट आणि बॉल दोन्ही. इथे तसं नाही. ‘हरकाम्या’ अर्थाने जवळचा, पण घरगड्यासारखा वाटतो. ‘बदली खेळाडू’ तर चूकच.

कुणाला चपखल शब्द सुचतोय का? जुन्या क्रीडापत्रकारांनी काही वापरलेला आठवतोय? नाहीतर सरळ ‘युटिलिटी’च ठेवू? मजकूर रविवारी द्यायचाय.