मदत हवी आहे: गुगल स्कॉलर आणि स्कोपसमधले सायटेशनचे आकडे जुळत नाहीत

नमस्कार मंडळी. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये संशोधन करते. बढतीच्या अर्जात एच-इंडेक्स लिहायचा आहे (एच-इंडेक्स १२ म्हणजे १२ पेपरांना प्रत्येकी किमान १२ सायटेशन, म्हणजे इतर पेपरांमध्ये आलेले संदर्भ) आणि तिथेच गाडी अडली आहे. गुगल स्कॉलर (गुगलचं संशोधन शोधायचं इंजिन) १२ दाखवतो, स्कोपस (संशोधन लेखांचा डेटाबेस) ७.

थोडा फरक पडणार हे ठाऊक आहे. स्कॉलर प्रीप्रिंट (परीक्षणाआधी ऑनलाइन टाकलेले पेपर), प्रबंध, अहवाल सगळंच मोजतो, तर स्कोपस फक्त निवडक जर्नल्स, परिषदा आणि पुस्तकं. पण आमच्या क्षेत्रात महत्त्वाचं काम आधी परिषदांमध्येच येतं, आयसीएसई किंवा एफएसई या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या मोठ्या परिषदांमधला पेपर चांगल्या जर्नलच्या तोडीचा मानतात. माझे बरेचसे पेपर कार्यशाळांमधले आहेत आणि त्यांतले काही स्कोपसमध्ये दिसतच नाहीत.

दुसरी अडचण जास्त छळते. एका पेपरची अर्काइव्हवरची (arXiv या प्रीप्रिंटच्या साइटवरची) प्रत आणि परिषदेतली प्रत स्कॉलरवर वेगवेगळी दिसते. एकीला ११ सायटेशन, दुसरीला ९. दोन्ही नोंदी एकत्र केल्या तर एच-इंडेक्स १३ होईल असं वाटतं. पण दोन्ही प्रतींची शीर्षकं थोडी वेगळी आहेत, त्यामुळे असं करणं प्रामाणिकपणाचं ठरेल का? मजकूर जवळपास तोच आहे.

स्कोपसमध्ये माझ्या नावाची दोन प्रोफाइल्सही झाली आहेत, लग्नाआधीच्या आणि नंतरच्या आडनावाची. ऑर्किड (ORCID, संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) जोडून ती एक झाली का कुणाची? किती दिवस लागले?

आणि अर्जात दोन्ही आकडे तारखेसह लिहावेत की एकच? समितीवर काम केलेल्यांनी जरूर सांगा. अर्ज पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे.