मुंबईच्या सनदेत केंटमधील मॅनर कशी आली?

दादरकर:
इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सने २७ मार्च १६६८च्या सनदेने मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्याच सनदेत हे बेट केंट परगण्यातील ‘ईस्ट ग्रिनिचच्या मॅनरप्रमाणे’ धारण करावे, असे म्हटले आहे. लंडनजवळच्या त्या गावाचा माझगाव-परळशी काय संबंध? मॅनर म्हणजेच पॅरिश का? जाणकारांनी खुलासा करावा.

जुनीकागदपत्रे:
संबंध धारणापद्धतीपुरताच आहे. इंग्लंडमधील सारी जमीन अखेर राजाची मानली जाई. ती थेट राजाकडून सरदारी पद्धतीने घेतली, की सैनिकी सेवा, अज्ञान वारसाचे पालकत्व, त्याच्या लग्नावरचा राजाचा हक्क अशी ओझी मागे लागत. तीच राजाच्या एखाद्या मॅनरच्या (म्हणजे जमीनदारीच्या) नावाने ‘सॉकेज’ पद्धतीने घेतली, तर ठरलेला खंड भरून मोकळे होता येई. ग्रिनिच ही राजाची मॅनर होती (आठवा हेन्री १४९१ साली तिथल्याच राजवाड्यात जन्मला), म्हणून तिचे नाव सनदांत पडले. व्हर्जिनियाच्या १६०६च्या सनदेतही तेच शब्द आहेत. गंमत म्हणजे ती ओझी १६६०च्या कायद्यानेच रद्द झाली होती, तरी मुंबईसाठी जुनाच मसुदा वापरला गेला.

ठाणेकर_वाचक:
पॅरिश आणि मॅनर यांची गल्लत करू नये. पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द. तिथल्या पिकाचा दशांश चर्चला जाई, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद १५३८पासून तिथेच होई, आणि १६०१च्या कायद्यानुसार गरिबांसाठीचा करही पॅरिशच बसवी. मॅनर ही जमीनदारी. एका पॅरिशमध्ये अनेक मॅनर असत, तर एखादी मॅनर दोन-तीन पॅरिशांत पसरलेली असे. त्यामुळे खेड्याचा इतिहास लिहिणाऱ्याला दोन्ही दप्तरे चाळावी लागतात. मॅनरच्या मालकाचे स्वतःचे न्यायालय भरे. कूळ वारले की वारस तिथे हजर होई, नजराणा भरी, पुष्कळ ठिकाणी मृताचे सर्वांत चांगले जनावरही मालकाला देई, आणि मग त्याचे नाव नोंदीत चढे. त्या नोंदीची नक्कल हाच त्याच्या हक्काचा कागद. ही कुळपद्धत १९२६च्या आरंभी संपली.

दादरकर:
म्हणजे मॅनरचा मालक आपला खोत, आणि ती नक्कल म्हणजे सातबारा?

जुनीकागदपत्रे:
नकलेपुरते साम्य चालेल, खोताचे पटत नाही. खोत मुख्यतः सरकारचा वसूल गोळा करी. मॅनरचा मालक कुळांचा न्यायनिवाडाही आपल्याच न्यायालयात करी. नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन येथे असे न्यायालय अजून भरते. हिवाळ्याच्या तोंडावर पंच पेरलेले शेत फिरून पाहतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात, आणि कोणी सामाईक वाटेत नांगर घातला असेल, तर त्याला दंड होतो.