सल्ला हवा: जुन्या लाल आकड्यांच्या एलईडी घड्याळाला कोणता सेल टाकू?

सांजवारा:
नमस्कार मंडळी. काकांनी १९७७ साली कुवेतहून आणलेलं एलईडी घड्याळ परवा माळ्यावरच्या पेटीत सापडलं. बटण दाबल्याशिवाय वेळ दिसत नाही, त्या जातीचं. आत शेजारी शेजारी दोन बटन सेल बसतात. जवळच्या दुकानातून एलआर४४ आणून टाकले. दोन दिवस आकडे छान लालभडक दिसले, आता फिके पडलेत. ११:११ नीट दिसतं, पण १०:०८ ला बटण दाबलं की आकडे लुकलुकतात आणि वेळ भलतीच होऊन बसते. मीटर लावला तर दोन्ही सेल १.५ व्होल्ट दाखवतात. मग मशीनच गेलं का? काका ८१ वर्षांचे आहेत, चालू करून त्यांच्या हातात द्यायचंय. उजेड वाढवता आला तर फार बरं, त्यांना कमी दिसतं.

जुनीघडी:
मशीन गेलेलं नाही, सेल चुकलाय. तुम्ही १०:०८ चं लिहिलंत त्यावरूनच कळलं. ११:११ ला सगळे आकडे मिळून ८ रेघा पेटतात, १०:०८ ला २१. एवढा करंट एकदम ओढला की सेलचं व्होल्टेज खाली बसतं आणि चिप वेळ विसरते. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून तो १.५ दाखवतो.

एलआर४४ अल्कलाईन आहे. वापरावं तसं त्याचं व्होल्टेज उतरत जातं, त्याबरोबर उजेडही. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल १.५५ व्होल्टचा, आणि तो जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच टिकतो. माप तेच: ११.६ मिमी रुंद, ५.४ मिमी जाड. पण त्यातही दोन प्रकार येतात. एसआर४४एसडब्ल्यू, म्हणजे ३०३, हा कमी करंटच्या घड्याळांसाठी. तुम्हाला हवाय एसआर४४डब्ल्यू, म्हणजे ३५७. त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, तो एकदम जास्त करंट देऊ शकतो. दुकानदार 'सेमच आहे' म्हणेल, तरी सेलच्या पाठीवरचा आकडा स्वतः वाचून घ्या. खाच उथळ असेल तर ३८६ बघा, रुंदी तीच, जाडी ४.२ मिमी.

सेल टाकण्याआधी पितळी पट्ट्यांवर हिरवट थर आहे का बघा. असेल तर खोडरबराने हलक्या हाताने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. आणि ते अल्कलाईन आजच काढा. गळले तर पट्ट्या खातात.

बुधवारपेठकर:
३५७ बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. दोन्ही सेल एकाच पाकिटातले घ्या, एक नवा एक जुना नको.

उजेडाचं म्हणाल तर व्होल्टेज वाढवायच्या भानगडीत पडू नका, ती चिप आज मिळणार नाही. ही घड्याळं उन्हात फिकीच दिसतात. १९७२ साली पल्सर नावाचं पहिलं एलईडी घड्याळ २,१०० डॉलरला विकायला आलं, त्यातही भोवतालच्या प्रकाशानुसार उजेड कमीजास्त करणारा सेन्सर ठेवावा लागला होता. काकांना सांगा, बटण दाबताना दुसऱ्या तळहाताची सावली धरा. आणि लाल काच आतून पुसून घ्या. पन्नास वर्षांचा धूसर थर निघाला की केवढा फरक पडतो, मी माझ्या घड्याळावर पाहिलंय.

रातराणी_ठाणे:
माझं निळ्या एलईडीचं नवं घड्याळ सीआर२०३२ वर चालतं. त्यात चार्ज होणारा एलआयआर२०३२ टाकला तर उजेड वाढेल का?

जुनीघडी:
नको. पूर्ण चार्ज झाला की तो ४.२ व्होल्टवर जातो आणि तुमचं घड्याळ ३ व्होल्टचं आहे. क्षणभर झगझगीत दिसेल, चिप मात्र जळू शकते. शिवाय त्याची क्षमता ४० एमएएच (मिलिअँपिअर-तास) च्या आसपास, साध्या सीआर२०३२ ची २०० च्या वर. निळ्या एलईडीलाच ३ व्होल्टच्या आसपास लागतात, त्यामुळे सेल थोडा उतरला की लगेच मंद होते. दर्जेदार ताजा सेल घाला, उजेडाची सेटिंग असेल तर एक पायरी खाली ठेवा. डोळ्याला फारसा फरक जाणवत नाही, सेल मात्र बराच पुरतो. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेततं.

सांजवारा:
पट्टी खरंच हिरवी होती. घासली, दोन ३५७ टाकले आणि मुद्दाम १०:०८ पर्यंत थांबले. चारही आकडे स्वच्छ लाल, वेळ जागच्या जागी! दिवसातून किती वेळा बटण दाबलेलं चालेल?

जुनीघडी:
एका दाबाला सव्वा सेकंद आणि ३० मिलिअँपिअर धरले, तर दिवसाला २५ वेळा दाबूनही वर्षभर जायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात काका शंभरदा दाबतील. दाबू द्या.