शब्दचर्चा : ‘पब’, ‘रिअल एल’ आणि तळघरातलं पीप

मीठभाकर
मंडळी, शब्द हवेत. इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये फॉसगेट नावाच्या रस्त्यावर ‘ब्लू बेल’ म्हणून एक चिमुकला पब आहे, त्यावर लिहितेय. आतली लाकडी सजावट १९०३ सालची, इमारत वारसा यादीत. रस्त्याच्या अंगाला एक खोली, मागे एक खोली, मधे बोळ, आणि बोळात उभं राहणाऱ्यांना पेले देण्यापुरती भिंतीत खिडकी. एवढाच संसार. पंधरावीस माणसं आली की अंगाला अंग लागतं.

आता मराठीत ‘आम्ही पबमध्ये गेलो’ असं लिहिलं की वाचकाला दिसतो तो कोरेगाव पार्क, डीजे आणि दारातला बाउन्सर. इथे चार म्हातारे कुत्र्याशी गप्पा मारत बसलेले! पबला दुसरा शब्द आहे का? आणि ‘रिअल एल’ला, म्हणजे तिथल्या पारंपरिक पद्धतीच्या बिअरला, काय म्हणू? ‘खरी एल’ म्हटलं की बाकीच्या खोट्या वाटतात.

टवाळ
गुत्ता म्हणा. आहेच की हक्काचा शब्द.

जुनापुराणा
गुत्ता नको. मूळ अर्थ मक्ता; मराठवाड्यात कंत्राटदाराला अजून गुत्तेदारच म्हणतात. दारूविक्रीचा मक्ता घेतलेलं दुकान ते गुत्ता. पुढे त्याला जी कळा आली ती आली. आज ‘गुत्त्यावर बसलेला असतो’ म्हटलं की माणूस कामातून गेलेला. आणि तिकडच्या कितीतरी पबांत तर आजी नातवंडाला घेऊन जेवायला येऊ शकते. भावार्थाच्या जवळ जाणारी जागा आपल्याकडे एकच, गोव्यातलं जुनं तावेर्न: गावातलं, ठरलेल्या गिऱ्हाइकांचं, मालक सगळ्यांना नावानिशी ओळखणारा. पण तो शब्द यॉर्कला नेऊन बसवायचा तर फेणीचा वास सोबत जाणार.

लीड्सकर
पबला ‘पब’च ठेवा, ताई. पहिल्याच परिच्छेदात खोली नीट दाखवलीत की डीजे आपोआप पळेल. खरी पंचाईत सोप्या शब्दांची आहे. पाटीवर ‘फ्री हाऊस’ दिसलं की आपला माणूस खूश होतो, पण फुकट काही नसतं. बरेच पब एखाद्या मद्यकंपनीला बांधलेले असतात, तिचाच माल घ्यावा लागतो. जो बांधलेला नाही तो ‘फ्री’. ‘लँडलॉर्ड’ म्हणजे घरमालक नव्हे, पब चालवणारा. त्यात कीथलीच्या टिमोथी टेलर कंपनीच्या एका ‘बिटर’ प्रकारच्या एलचंही नाव लँडलॉर्ड, तेव्हा ‘दोन लँडलॉर्ड द्या’ हे वाक्य तिथे सहज ऐकू येतं. आणि ‘माझा लोकल’ म्हणजे ज्याचा त्याचा रोजच्या बैठकीचा पब. मुंबईकर वाचकासाठी तेवढी तळटीप टाका, नाहीतर तो ८.१७ ची फास्ट शोधेल.

‘बिटर’ला कडू आणि ‘माईल्ड’ला सौम्य करू नका, ही प्रकारांची नावं आहेत. यॉर्कजवळच्या टॉकविथ गावातल्या रडगेट मद्यशाळेच्या ‘रूबी माईल्ड’ला २००९ साली ब्रिटनची सर्वोत्कृष्ट बिअर ठरवलं होतं. लालसर काळपट असते. मिळाली तर सोडू नका.

दर्यावर्दी
रिअल एलबद्दल बोलतो. ‘खरी’ हे विशेषण आलं भांडणातून. साठच्या दशकात तिकडच्या मोठ्या कंपन्यांनी बिअर गाळून, पाश्चराइझ करून, वरून कार्बन डायऑक्साइड दाबून ‘केग’ नावाच्या धातूच्या बंद पिंपांत भरायचा धडाका लावला. टिकाऊ, सगळीकडे एकच चव, कुणाला काही डोकं लावायला नको. त्याला वैतागून १९७१ साली चार दोस्तांनी ‘कॅम्रा’ ही संघटना काढली, आणि ‘रिअल एल’ हे नाव तिनेच रूढ केलं. तेव्हा ‘खरी’ म्हणजे चवीला भारी असं नाही. ज्या पिंपातून वाढायची त्याच पिंपात तिचं दुसरं आंबणं व्हायला हवं, आणि वाढताना बाहेरचा वायू मारलेला नको.

आमच्या मालवणात हे समजावायला वेळ लागत नाही. सकाळची माडी गोड, दुपारची चढलेली, रात्री आंबट. भांड्यात तिचं काम चालूच असतं. एलचंही तेच, फक्त संथपणे. म्हणून मी ‘जिवंत एल’ म्हणेन.

मीठभाकर
‘जिवंत’ आवडला! पण शीर्षकात ‘रिअल एल’च ठेवते, नाहीतर शोधणाऱ्याला सापडायचं नाही. तळघराचे शब्द सांगा ना. मला खाली नेऊन दाखवलं त्यांनी. पिंपं आडवी निजवलेली, प्रत्येकाच्या पोटावर वरच्या बाजूला लाकडी बूच आणि त्या बुचात एक छोटी खुंटी. खुंटीभोवती फेसाचे बुडबुडे येत होते, मालक ते फडक्याने पुसत होता.

लीड्सकर
वा, नशीबवान आहात. ती खुंटी म्हणजे ‘स्पाइल’. आधी मऊ, सच्छिद्र लाकडाची ठोकतात, म्हणजे आतला जास्तीचा वायू हळूहळू सुटतो. उसळी बसली की कडक लाकडाची, म्हणजे उरलेला वायू आत राहतो. खुंटी कधी बदलायची हे ठरवणं म्हणजेच त्या माणसाचं कसब. मराठीत ‘पाचर’ चालेल.

‘कास्क’ला, म्हणजे एलच्या त्या पिंपाला, ‘पीप’ लिहा बिनधास्त. पीप किंवा पिंप हा शब्दच पोर्तुगीज ‘पिपा’वरून आलाय, म्हणजे दारूचं लाकडी पीप. आपण त्यात पाणी भरलं, एवढंच.

नेहमीचं पीप म्हणजे ‘फर्किन’: नऊ गॅलन, ७२ पाइंट. एकदा उघडलं की आत हवा शिरते आणि साधारण तीन दिवसांत संपवावं लागतं. म्हणून लहान पबात एका वेळी दहा-बारा एल दिसल्या की मला शंका येते. चार असाव्यात, पण भराभर संपणाऱ्या. पंपावरचा नावाचा बिल्ला उलटा फिरवलेला दिसला तर ते पीप संपलं समजा, मागू नका.

टवाळ
पंप म्हणजे हापसाच की!

लीड्सकर
हसण्यावारी नेऊ नका, हापसाच आहे. दांडा ओढला की तळघरातली एल पाइपमधून वर खेचली जाते, वायूचा संबंध नाही. उत्तरेत तोंडाला बारीक भोकांची झारी लावतात, तिला ‘स्पार्कलर’ म्हणतात. त्यामुळे दाट सायीसारखा फेस येतो. दक्षिणेतल्या लोकांना ते अजिबात पटत नाही. मी यॉर्कशरच्या बाजूने.

जुनापुराणा
दोन सूचना. ‘कोमट बिअर’ असं कृपया लिहू नका, इंग्रजांची ती फुकाची बदनामी आहे. तळघर ११ ते १३ अंशांवर असतं. त्याला मराठीत नेमका शब्द आहे: ‘गार’. थंडगार नाही, कोमट तर नाहीच. दुसरं, ‘पाइंट’चा खुलासा करा. आपल्याकडे पाइंट म्हणजे ३३० मिलीची बाटली, तिकडे ५६८ मिलीचा पेला. आपल्या हिशोबाने ‘तीन पाइंट घेतले’ असं वाचणाऱ्याला कळायला हवं की पिणारा जवळजवळ पावणेदोन लिटर प्यायलाय.

सोवळे
एक भाबडा प्रश्न. ही शाकाहारी असते का?

दर्यावर्दी
प्रश्न भाबडा नाही. एल नितळ करायला पिंपात ‘आयसिंग्लास’ घालायची जुनी पद्धत आहे, आणि ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. आमच्याकडे घोळ माशाचं हेच ‘भोत’ सोन्याच्या भावाने जातं. आयसिंग्लास यीस्टला धरून तळाशी बसतं, पेल्यात सहसा येत नाही, पण ज्याला चालत नाही त्याने बारवर सरळ विचारावं. हल्ली बऱ्याच ठिकाणी ते न घातलेली एल मिळते, बिल्ल्यावर ‘अनफाइन्ड’ लिहिलेलं असतं. ती थोडी गढूळ दिसते म्हणून परत करू नका. वास व्हिनेगरसारखा आला तर मात्र जरूर करा, कुरकुर न करता बदलून देतात.