निळा रंग रात्री हिरवट का दिसतोय?

खिडकीपाशी: झोपायच्या खोलीसाठी शेड कार्डवरून राखाडी झाक असलेला निळा निवडला. सॅम्पलची डबी आणून दाराशेजारच्या क्रीम भिंतीवर हातभर पट्टा मारला. सकाळी सुरेख दिसतो, धुऊन धुऊन विटलेल्या जीन्ससारखा. रात्री दिवा लावला की हिरवट. लेक विचारते, "आई, भिंतीला शेवाळ आलंय का?" डबीवरचा नंबर दोनदा ताडून पाहिला, बरोबर आहे. शेड बदलू का?

दोन_हात_रंग: थांबा, शेड बदलू नका. आधी बल्बच्या खोक्यावर केल्विनचा, म्हणजे उजेड किती पिवळा की पांढरा ते सांगणारा आकडा बघा. 2700 असेल तर उजेड पिवळा, त्यात निळा भाग कमी. गडद निळा तो सोसतो, पण तुमच्यासारख्या मळकट निळ्यात आधीच निळेपणा बेताचा, त्यामुळे तो लगेच हिरव्याकडे किंवा राखाडीकडे झुकतो. त्याच जागी 4000 चा बल्ब लावून बघा.

दुसरं म्हणजे ती क्रीम भिंत. पिवळसर रंगाशेजारी निळा असतो त्यापेक्षा जास्त निळा भासतो. चारही भिंती रंगल्या की शेजारचं क्रीम जाणार आणि सकाळचा सुरेखपणा थोडा उतरणार. म्हणून पट्टा भिंतीवर नको. दोन फुटी जाड पुठ्ठ्यावर दोन हात मारा, कडेला चार बोटं पांढरं सोडा आणि पुठ्ठा खोलीभर फिरवा: खिडकीसमोर, खिडकीच्याच भिंतीवर (तिथे सगळ्यात काळवंडतो), कपाटामागच्या कोपऱ्यात.

हे शहाणपण उशिरा आलंय. मी बोटाच्या पेराएवढा चौकोन बघून अख्खी खोली रंगवली होती. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे तो कार्डावरच्यापेक्षा गडद वाटतो. पाण्याच्या टाकीत झोपल्यासारखं वाटायचं! तेव्हापासून मी कार्डावर आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घेतो. कार्डामागे एलआरव्ही, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो तो आकडा, छापलेला असेल तर तोही बघा. 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे पांढरा. कमी उजेडाच्या खोलीत पन्नाशीच्या खाली मी तरी जात नाही.

लांबीवाला: फिनिश मॅटच घ्या. चकाकी असली की लांबीचा (भिंतीवरच्या पुट्टीचा) प्रत्येक उंचवटा आडव्या उजेडात दिसतो. फक्त स्विचबोर्डाभोवती बोटांचे डाग पडतील, त्यांवर पुन्हा हात मारायला उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा.

खिडकीपाशी: बल्ब 2700 चाच निघाला. 4000 चा लावला, शेवाळ गेलं! पण आता खोली दवाखान्यासारखी वाटते. झोपायच्या खोलीत एवढा पांढरा उजेड नको वाटतो.

दोन_हात_रंग: मग पिवळा दिवाच ठेवा आणि शेड किंचित जांभळ्याकडे झुकणारी घ्या. पिवळ्या उजेडात ती हिरवी पडत नाही, नुसती मवाळ होते. आणि उशाशी लाकडी काहीतरी असू द्या, सागाच्या तांबूस रंगाशेजारी निळा थंड वाटत नाही.

खिडकीपाशी: जांभळट शेडचा पुठ्ठा कालपासून कपाटाला टेकवून ठेवलाय. रात्री लेकीला दाखवला. म्हणाली, "हा तर राखाडी आहे." शेवाळापेक्षा बरं. रविवारी प्रायमर मारतेय.